सोन्यावरचा भंडारा

अक्का, त्या सोन्याला माझं कपाळ लागलं होतं.

हे वाक्य मी नऊ वर्षं पाठ केलं. कोइंबतूरच्या सिटी बसमध्ये, अंघोळ करताना, तुमच्या यंत्राचे नट आवळताना. तुमच्यापुढं उभं राहिलं की मात्र तोंडातून भलतंच यायचं. "अक्का, चहा सांगू का?" असलं काहीतरी. आता तुम्ही नाही, तर कसं एका दमात सुटलं बघा.

तुमच्या भावानं, बापूंनी, सांगितलं की घरची मंडळी तुमच्या आठवणींची पुस्तिका काढतायत, तूही लिही. मी म्हटलं, "आवं बापू, माझी शाळा आठवीतनं सुटलेली. तितं मोठमोठी शिकलेली माणसं लिवणार. माझं शोभंल का?" ते म्हणाले, "अक्काचा फोन आला की निम्मं बोलणं तुझ्याबद्दल असायचं. माझा सुईवाला असा, माझा सुईवाला तसा. लिही." म्हणून लिहितोय. ऱ्हस्वदीर्घ बापू बघून घेतील.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागनं सांगावं लागेल. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण तुम्हाला एकच गोष्ट दहा वेळा ऐकायची सवय होतीच.

आमच्या कडेगाव-विट्याकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलीत. सोनारांकडची मोड आणायची, भट्टीची राख आणायची, दुकानात झाडलेली धूळसुद्धा सोडायची नाही. मुशीत टाकणखार घालून सगळं वितळवायचं, तेजाबानं मळ काढायचा आणि चोख सोनं वेगळं करायचं. शाळा सुटली तसा मामानं मला कोइंबतूरला आणला. कामाला मी कधी कमी पडलो नाही, पण तेजाबाच्या धुरानं छाती धरली, आणि जीव मुळातच भित्रा. बर्नर बंद केला का ते बघायला घरनं तीनदा परत जायचो. मामा म्हणायचा, "ह्येला कुलूप लावून घरी धाडला तर ह्यो कुलूप बघायला माघारी येतोय."

तुम्ही दुकानात आलात तेव्हा मी आईशी फोनवर बोलत होतो. "व्हय गं, जेवलो. न्हाई गं, खोकला कुठला? लय काळजी करू नगंस." काउंटरच्या पलीकडनं आवाज आला, "खोकतोयस की. आईला खोटं कशाला सांगतोस?" स्वच्छ मराठी. फोन हातातनं पडला.

"कुठलं गाव रं?"

"कडेगाव तालुका. तुमचं?"

"सांगली. हळदीच्या पेठेतली."

तुमच्या वडिलांची हळदीची अडत होती, जैनांचं घर, सूर्य मावळायच्या आत जेवण, पाणी गाळून आणि उकळून. हळदीच्या पोत्यावर बसून तुम्ही अकरावी-बारावीची गणितं केली होती. हे सगळं पुढं कळलं. त्या दिवशी तुम्ही पर्समधनं सोन्याची बारीक तार काढली आणि म्हणालात, "हिचं टोक ज्योतीत धरून मोहरीएवढी गोळी कर. आणि घाई न करता निवू दे." मला मनात हसू आलं. एवढ्यासाठी बाई एवढ्या लांबनं आल्या? करून दिली. तुम्ही भिंग काढलंत, गोळी फिरवून फिरवून बघितलीत, आणि मग भिंग माझ्या हातात दिलंत.

"काय दिसतंय?"

"आरसं दिसत्यात. बारकं बारकं."

"तू घासून केलेस?"

"न्हाई वो. निवताना आपसूक येत्यात. कायमच येत्यात."

"का येत असतील?"

वीस वर्षं मी ते बारके आरसे बघत होतो आणि हा प्रश्न मला पडला नव्हता. तुम्ही सांगितलंत की सोनं सावकाश निवलं की त्याचे अणू रांगा धरून, थरावर थर असे बसतात, आणि जिथं वरचा थर सपाट बसला तिथं आरसा दिसतो. माझे डोळे भरून आले, का ते तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, तोवर मला कामातलं कुणी काही विचारलं तर ते चूक काढायलाच असायचं. तुम्ही विचारलंत ते मला काय दिसतं हे समजून घ्यायला.

दोन महिन्यांनी तुम्ही मला कोइंबतूरच्याच संस्थेतल्या तुमच्या प्रयोगशाळेत बोलावून घेतलंत. "मला सुई करणारा हात पाहिजे," म्हणालात. ती सुई म्हणजे टंगस्टनची तार. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धरून वीज सोडायची. पाण्याच्या रेषेशी तार झिजत जाते आणि शेवटी खालचा तुकडा आपल्याच भारानं गळून पडतो. त्याच क्षणी वीज तोडली तर टोक असं निघतं की शेंड्याला एखादाच अणू. जरा उशीर झाला की बोथट. शिकलेल्या पोरांना ते यंत्र लावूनही जमेना. मला तेजाबातल्या चांदीचा रंग बघून वेळ ओळखायची सवय होती. पहिल्याच आठवड्यात पाचातल्या चार सुया चांगल्या निघाल्या. त्या दिवशी तुम्ही घरनं शेंगाची पोळी आणली होती आणि सगळ्यांच्या आधी मला दिलीत.

सुईचं टोक सोन्याला टेकत नाही. टेकायच्या अगदी अलीकडं थांबतं आणि मधल्या पोकळीतनं विजेचा बारीकसा झरा सुटतो. नांगराचं तास घ्यावं तशी सुई या कडेपासून त्या कडेपर्यंत जाते, माघारी येते, पुन्हा जाते, आणि संगणक उंचसखल चितारत जातो. इमारतीतली लिफ्ट हलली तरी चित्र बिघडायचं. म्हणून आपण रविवारी सकाळी काम करायचो आणि मला लिफ्टपाशी खुर्ची टाकून बसवलेलं असायचं. एकदा संस्थेचे सगळ्यांत मोठे साहेब आले. मी हात जोडून म्हटलं, "सर, लिफ्ट बंद आहे." ते म्हणाले, "दिवा तर लागलाय." मी म्हटलं, "दिवा चालू आहे, लिफ्ट बंद आहे." चार मजले चढून गेले बिचारे. मी आठवडाभर नोकरी गेली म्हणून झोपलो नाही आणि तुम्ही आठवडाभर हसत होतात.

पहिल्यांदा पडद्यावर सोनं दाखवलंत तेव्हा मला आमच्या गावाकडचा डोंगरउतार दिसला. टप्प्याटप्प्यानं सपाट रानं, मध्ये बांध. रानात नागमोडी सऱ्या काढल्यासारखे उंचवटे. तुम्ही म्हणालात, वरच्या थरात बावीस जणांच्या जागेत तेवीस अणू बसलेत, दाटी झालीय, म्हणून ते फुगवटे. मी म्हटलं, "म्हंजे आमची विटा-कडेगाव यष्टी." तुम्ही अशा हसलात की टेबल हललं आणि चित्रावर आडवी रेघ उमटली. ते चित्र तुम्ही पुसलं नाही. खाली माझं नाव घालून लिहिलंत, "सदाची यष्टी." संगणकात अजून आहे. परवा उघडून बघितलं.

मग तुम्ही बारीकशा मुशीत पांढरी पूड तापवलीत. धूर नाही, वास नाही. पुडीचे रेणू उडून सोन्यावर जाऊन पडले. तीन हातांचे रेणू, तुम्ही वहीत काढून दाखवलेत. सुरवातीला एकटे एकटे भटकत होते, इतके की सुईला सापडेनात, नुसता धुरळा दिसायचा. मग काही बांधाला जाऊन थांबले. त्यांना दुसरे मिळाले. हाताला हात लागत गेला आणि घटकाभरानं सगळ्या रानावर सहा कोपऱ्यांच्या खोल्या उभ्या राहिल्या, मधाच्या पोळ्यासारख्या. मी विचारलं, "कुणी सांगितलं ह्यास्नी?" तुम्ही म्हणालात, "कुणी नाही." तिथंच आपलं भांडण सुरू झालं. त्याच्याकडं नंतर येतो. आधी ती चूक.

मी कामाला लागून वर्ष झालं होतं. बाहेरून सोन्याचा नवा स्फटिक आला, घासून आरशासारखा केलेला, हरभऱ्याच्या डाळीएवढा. आमच्या दुकानात सकाळचं पहिलं सोनं हातात आलं की आधी कपाळाला लावायचं, मगच मुशीत घालायचं. मामानं मला शिकवलं, मामाला त्याच्या मामानं. हे डोक्यात नसतं अक्का, हातात असतं. तुम्ही पडद्याकडं तोंड करून बसला होतात. मी हातमोजे घातले होते. डबी चिमट्यानं उघडली, सोनं चिमट्यानं उचललं. सगळं तुम्ही शिकवल्यासारखं. आणि मग त्याच चिमट्यानं ते सोनं कपाळाला टेकवलं.

त्या दिवशी कपाळावर भंडारा होता. पालीच्या खंडोबाला आई जाऊन आली होती आणि गावाकडनं येणाऱ्या माणसाबरोबर तिनं पुडी धाडली होती. सोन्याकडं बघितलं तर काहीच दिसलं नाही. पिवळ्यावर पिवळं काय दिसणार? मी ते यंत्रात बसवलं.

सुई चालायची तर यंत्राच्या आत हवा अजिबात नको असते. दोन दिवस यंत्राचा पंप ओढत राहिला, आतली हवा काही पुरती निघेना. आत चिकटलेलं उडून जावं म्हणून आपण त्याला चांदीच्या कागदात गुंडाळून शेकलं. निघेना. पुन्हा शेकलं. तुम्ही म्हणालात, "ह्याच्या पोटात काहीतरी गेलंय." तेव्हा मला कळलं. घाम, तेल आणि देवाचा भंडारा, सगळं मी आत घातलं होतं.

आणि तुम्ही सेल्वीला धरलंत. सेल्वी तेव्हा तुमची विद्यार्थिनी. आदल्या आठवड्यात तिनं उघड्या हातानं एक झाकण उचललं होतं, ते तुमच्या ध्यानात होतं. सगळ्यांपुढं तिला बोललात, "इथं शास्त्र करायला आलीस की कणीक मळायला?" ती मान खाली घालून उभी राहिली. मी तिच्यापासून चार हातांवर नट पुसत होतो. नट आधीच पुसलेले होते.

मी बोललो नाही. नोकरी जाईल म्हणून भ्यालो. ह्याला दुसरं नाव नाही.

पुढं तुम्ही सोनं बाहेर काढलंत, साफ केलंत, यंत्र मार्गाला लागलं. ह्या गोष्टीचा विषय माझ्यापुढं कुणी काढला नाही. पण दर वेळी एखादं चित्र बिघडलं की मला वाटायचं, माझ्या कपाळाचाच एखादा रेणू अजून आत फिरतोय आणि बोट दाखवतोय.

पुढच्या खेपेला नवं सोनं आलं तेव्हा तुम्ही डबी मला उघडू दिली नाहीत. झाकण लावलेली डबी तशीच माझ्या कपाळापुढं धरलीत.

"नमस्कार कर. मग उघडू."

मी दचकलो. "तुमच्यात बी असतंय व्हय असलं?"

"आमच्या पेठेत पहिल्या पोत्याला हात जोडल्याशिवाय सौदा निघत नाही. तुला काय वाटलं, देव फक्त कडेगावलाच?"

मी टेकवलं कपाळ. तेव्हापासून दर वेळी तसंच. तुम्ही धरायचं, मी वाकायचं. आपल्या प्रयोगशाळेचा तो रिवाजच झाला. मला वाटलं, हळदीच्या पेठेतला रिवाज आहे, योगायोगानं आमच्यासारखाच. इतका कसा मी भोळा, अक्का?

मी सगळं जास्त आवळायचो, हे तुमचं माझ्याबद्दलचं कायमचं गाऱ्हाणं. "सदा, सोड रं. नट रडायला लागलेत." मी म्हणायचो, सैल राहिलं तर? एकदा तुम्ही पाना माझ्या हातातनं काढून घेतलात आणि मला पडद्यापुढं बसवलंत. पोळ्यासारख्या खोल्यांत एक खोली पाचच कोपऱ्यांची झाली होती. तिच्या शेजारच्या सगळ्या खोल्या वाकड्या.

"ह्यानं चुकीचा हात धरलाय," तुम्ही म्हणालात. "आता काय करायचं?"

"पुसायचं आन् पुन्ना मांडायचं."

"नाही. जरा ऊब द्यायची."

ऊब दिलीत. जास्त नाही, जास्त दिली तर उडून जातात. पुन्हा चित्रं काढलीत. तुम्ही प्रामाणिक माणूस, आधीच सांगितलंत की हीच ती जागा असं म्हणता येणार नाही, सुई नेमकी तिथं परत नेता आलेली नाही. पण जिथं बघावं तिथं सहा कोपरे. एकही वाकडी खोली नाही.

"ह्यांची पकड सैल असते म्हणून हे जमतं," तुम्ही म्हणालात. "चुकीचा हात सोडता येतो, बरोबरचा धरता येतो. काही धातूंवर रेणू पडला की घट्ट चिकटून बसतो. मग पडेल तसा ढीग. चुकला तो चुकलाच."

"सोनं धरून ठेवत न्हाई?"

"सोनं बसू देतं. धरून ठेवत नाही." मग माझ्याकडं न बघता तुम्ही म्हणालात, "आणि बघ, त्या चुकलेल्यावर कुणी ओरडलं नाही."

मी त्या क्षणी सांगणार होतो. खरंच. तेवढ्यात तुम्ही उठलात, सूर्य मावळतीला आला होता आणि तुमचा डबा व्हायचा होता.

आता आपलं भांडण. मी म्हणायचो, कुणीतरी सांगितल्याबिगर कुणी रांगेत बसत नाही. तुम्ही म्हणायचात, बसतात. खालची जमीन, शेजाऱ्याचा हात आणि थोडी ऊब, एवढं पुरतं. मी म्हणायचो, मग आमची माणसं? कोइंबतूरच्या त्या एका गल्लीत कडेगाव-विट्याची तीस घरं आहेत. एकानं दुसऱ्याला बोलावलं म्हणून आली. तुम्ही म्हणायचात, "आणि पहिला? त्याला कुणी बोलावलं?" दहा वर्षं तुम्ही मला त्या पहिल्या माणसावर हरवत आलात.

मला आता उत्तर सापडलंय आणि ऐकायला तुम्ही नाही. पहिला भटकत आला असेल, मान्य. बांधाला अडला, थांबला असेल. पण मी पहिला नव्हतो अक्का. मी तेजाबाच्या धुरात खोकत बसलो होतो आणि तुम्ही काउंटरच्या पलीकडनं विचारलंत, कुठलं गाव रं? रेणूंचं तुमचं खरं असेल. माझ्यापुरतं माझं खरं. यावर तुम्ही काय म्हणाला असतात तेही मला माहीत आहे. "एका नमुन्यावरनं नियम करू नये." म्हणा. आता मी ऐकणार नाही.

शेवटचा फोन सांगलीहून आला. तुम्ही सुट्टीवर गेला होतात. "नवी डबी आली का?"

"आली अक्का. कपाटात ठेवलीय."

"मी आल्यावरच उघडा."

"व्हय. अक्का, मला तुमास्नी एक सांगायचं हुतं."

"बोल की."

"आल्यावर सांगतो."

तुम्ही मग म्हणालात, "कपाटाला कुलूप लावलंस का?"

"लावलंय."

"किती वेळा बघितलंस?"

"तीनदा."

फोनवर हसलात ते तुमचं शेवटचं हसणं. चार दिवसांनी बापूंचा फोन आला.

मिरजेला उतरून तुमच्या घरी आलो तेव्हा सगळं उरकून दोन दिवस झाले होते. पेठेत शिरल्यावरच हळदीचा वास आला. वाड्याच्या, गोदामाच्या, रस्त्याच्या धुळीलासुद्धा तोच वास. बापूंनी गाळलेलं पाणी दिलं आणि म्हणाले, "तूच का तो सुईवाला?" मी मान हलवली. मग बापूंनी गोदाम दाखवलं. एक पोतं फोडून मूठभर हळकुंडं काढली, एक मोडलं, आतला रंग माझ्यापुढं धरला. म्हणाले, "आमच्या अक्काला वडील डोळे मिटायला लावायचे आणि बोटावर चिमूटभर पूड द्यायचे. कुठली, जुनी का नवी, भेसळ आहे का, नुसत्या वासावर सांगायची. सात वर्षांची होती."

परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात ते हळकुंड होतं, अक्का. पिवळ्यावर पिवळं मला दिसलं नव्हतं. पण जी सात वर्षांची पोर डोळे मिटून हळद ओळखायची, तिला?

कोइंबतूरला पोचल्यावर पहिल्यांदा सेल्वीला गाठलं. आता ती स्वतः शिकवणारी बाई झालीय, शिकून बाहेरदेशी राहून आलीय, आणि तुमची प्रयोगशाळा आता तिच्याकडं आहे. चहाच्या टपरीवर आम्ही उभे होतो. आमचं बोलणं तमिळमध्ये होतं, इथं मराठीत लिहितो. मी म्हटलं, "सेल्वी, नऊ वर्षांपूर्वी तुला माझ्यामुळं बोलणी बसली. ते सोनं मी कपाळाला लावलं होतं. तू नाही, मी." सांगता सांगता चहा सांडला.

तिनं माझ्या हातातला पेला काढून खाली ठेवला. मग म्हणाली, "अण्णा, तुला अजून माहीतच नाही?"

तिनं सांगितलं ते असं. तिला बोललात त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही तिच्या वसतिगृहावर गेलात. तिच्या खोलीत खुर्चीवर पुस्तकं होती म्हणून खाटेच्या कडेवर बसलात. "माझं चुकलं," म्हणालात, "तुझा काही दोष नव्हता. उद्या सगळ्यांपुढं तेही सांगते." आणि खरंच सांगितलंत. मी त्या दिवशी ताप आला म्हणून घरी होतो. ताप कसला, भीतीच ती. तुम्ही सेल्वीला म्हणालात, सोनं बाहेर काढून भिंगाखाली बघितलं तर कडेच्या ओरखड्यात करपलेली पिवळी पूड. सेल्वीनं विचारलं, कसली? तुम्ही म्हणालात, "हळद. आणि भेसळीची. सदाच्या आईला कुणीतरी फसवलंय."

टपरीवर आम्ही दोघं हसलो. मग सेल्वी रडायला लागली, आणि मग मी.

मी विचारलं, "मग अक्कांनी मला का नाही सांगितलं?"

"मीही विचारलं होतं. अक्का म्हणाल्या, त्याला सांगितलं तर तो उद्यापासून सोन्याला हात लावणार नाही. आणि त्याची सवय मोडायचीही नाही. झाकण लावून घेऊ."

अक्का, मग ते पेठेतलं पहिलं पोतं आणि सौद्याचा नमस्कार? बापूंना मी फोन करून विचारलं. ते म्हणाले, "छे रं. आमच्या दुकानात असलं काही नव्हतं."

तुम्ही माझ्यासाठी रिवाज रचलात आणि नऊ वर्षं तो माझ्याबरोबर पाळलात. तुम्ही, देवळातही हात जोडायला टाळाटाळ करणारी बाई.

मला थोडा रागही आलाय, सांगून टाकतो. नऊ वर्षं मी आतल्या आत शिजलो. एकदा म्हणायचंत, सदा, मला माहीत आहे. पण मग आठवतं, तुम्ही वाट बघत बसला होतात, मी आपण होऊन सांगेन म्हणून. ऊब देत होतात. मीच हात सोडत नव्हतो.

तुमची शेवटची डबी अजून कपाटात आहे. उद्या सकाळी उघडायची ठरलीय. सेल्वी म्हणाली, "अण्णा, आता डबी कोण धरणार?" दोन माणसं लागतात ना त्याला. एकानं धरायची आणि एकानं वाकायचं.

मी म्हटलं, "मी धरतो. तू वाक."

तिनं मान डोलावली. आई पुन्हा पालीला जाऊन आलीय, पुडी आलीय. बापूंनी सांगलीची चोख हळदही दिलीय, ती तिच्यात मिसळलीय, म्हणजे भेसळ निघालीच तर आता निम्मीच निघेल. उद्या सकाळी मी कपाळाला भंडारा लावीन, हात धुईन, हातमोजे घालीन आणि डबी सेल्वीच्या कपाळाशी धरीन. झाकण नीट लागलंय का ते आधी बघीन.

एकदाच बघीन, अक्का. एकदाच.